अक्रोड समोर

“ताट वाइनपेक्षा गोड होऊ द्यायचं नाही, धाकटे. गोडापुढे त्याहून गोड आलं, की पहिलं गोड आंबट तोंड करून बसतं. माणसांचंही तसंच असतं, पण ते जाऊ दे. तू बदाम भाज.”

सासूबाईंना जाऊन पाच वर्षं झाली होती. तरी बदाम तव्यावर पडले, की त्यांचा आवाज स्वयंपाकघरात यायचा आणि धाकटी मनातल्या मनात ‘हो’ म्हणायची. मनातल्या मनातच, कारण उजाडल्यावर पहिला तासभर ती बोलत नसे. तो तिचा एक नेम. दुसरा नेम असा, की तोंडातून खोटं काढायचं नाही.

या दुसऱ्या नेमाची घरात फार चेष्टा व्हायची. थोरली, म्हणजे तिची जाऊ, आल्यागेल्याला बजावायची, “आमच्या धाकटीला नवा कोट कसा दिसतो ते विचारू नका हं. दोन दिवस जेवण जायचं नाही.” पाहुणे हसायचे. धाकटीही हसायची. तो नेम तिने का धरला हे कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेलं सांगायची तिला सवय नव्हती. तिचा नवरा आठ महिने अंथरुणावर होता. रोज सकाळी ती त्याला म्हणायची, “आज रंग बराय तुमचा.” शेवटच्या दिवशी तो म्हणाला, “निदान तू तरी खरं सांगायचंस,” आणि भिंतीकडे तोंड करून पडला. तो पुन्हा इकडे वळला नाही.

तर असं हे घर. टेकडीच्या उतारावर द्राक्षांचा मळा, घराच्या पोटात तळघर, तळघरात पिंपं. बाकीच्या मळ्याची तोडणी वेळेवर व्हायची. वरच्या अंगाच्या चार ओळी मात्र तशाच ठेवायच्या. पानं पिवळी पडायची, धुकं उतरायचं, मण्यांवर करडी बुरशी यायची, ते आक्रसून म्हाताऱ्याच्या गालांसारखे व्हायचे. मग एकेक मणी निवडून तोडायचा. हाताच्या बोटांना चिकटपणा असा लागायचा, की रात्री चादर अंगठ्याला चिकटून यायची. त्यातून जी वाइन निघायची ती थोडी निघायची, सोनेरी निघायची आणि गोड निघायची. या घराचं नाव बाहेर होतं ते त्या चार ओळींमुळे, आणि सासऱ्यांच्या नाकामुळे.

सासऱ्यांना पंचक्रोशीतला प्रत्येक वाइनवाला ‘नाक’ म्हणायचा. तोंडावर नव्हे, पण त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं. ग्लास नाकाशी नेला, की हे घर श्वास धरून बसायचं. त्यांचा जेवणाच्या टेबलावरचा एक कायदा होता. ग्लास फिरवायचा, प्रत्येकाने हुंगायचा, कशाचा वास येतो ते सांगायचं. चुकला तो ताटावरून उठला. त्या दिवशी त्याला जेवण नाही. पाहुणे असोत, सण असो, पोर आजारी असो.

थोरला नऊ वर्षांचा असताना एकदा म्हणाला होता, “सफरचंद.”

“सफरचंद तुझ्या डोक्यात,” सासरे म्हणाले होते. “हा पेअर आहे. गाढवाला नाक असतं ते दोन भोकं पुरी करायला. ऊठ.”

तो उठला. पुढच्या आठवड्यात पुन्हा उठला. मग तो ओळखायच्या आधीच उठायला लागला, आणि घरात ठरून गेलं की थोरल्याला नाक नाही. धाकट्याला होतं, पण धाकटा गेला.

सासूबाईंनी हे सगळं धाकटीला शेवटच्या आजारपणात सांगितलं, उशीला टेकून, जर्दाळूच्या बिया काढता काढता. हात रिकामे ठेवणं त्यांना जमतच नसे.

“तो उठून मागच्या दारी जाऊन बसायचा गं. मी ताट वाढून घ्यायचे. दाराआड उभी राहायचे. आणि ह्यांच्या भीतीने एक पाऊल पुढे टाकलं नाही. एकदाही नाही. एकदा जरी गेले असते ना धाकटे, तर हा पोरगा असा झाला नसता.” मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “एक दिवस हेही उठतील. आयुष्यभर दुसऱ्यांना उठवणारा कधीतरी उठतोच. त्या दिवशी त्यांच्यामागे ताट घेऊन जायचं. कोणी काही म्हणो. जाशील?”

“जाईन,” धाकटी म्हणाली.

“बघ, तू खोटं बोलत नाहीस म्हणून तुलाच सांगतेय.”

सासूबाई गेल्या आणि दोन वर्षांनी, ऐन थंडीत, सासऱ्यांना ताप आला. पंधरा दिवसांनी ताप उतरला. एका दुपारी धाकटी वरच्या ओळींतून खाली आली, तर घरभर करपट धूर. शेगडीवर दूध उतू जाऊन, जळून, भांड्याचं बूड लाल झालेलं. आणि दोन हातांवर खुर्चीत सासरे शांतपणे वर्तमानपत्र वाचत बसलेले.

तिने शेगडी बंद केली. त्यांनी डोकं वर केलं.

“काय झालं?”

“दूध जळलं, मामंजी.”

ते उठले, भांड्यापाशी आले, वाकले, लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग खिडकी उघडली, जणू वास खिडकीनेच अडवून धरलाय.

“कोणाला सांगू नकोस,” ते म्हणाले.

“कोणी विचारलं तर सांगावं लागेल.”

“तुला कोण विचारतंय?”

ते खरंच होतं. त्या घरात धाकटीला कोणी काही विचारत नसे.

पण दर वर्षी बाटल्या दाखवायचा दिवस यायचा. घाऊक खरेदी करणारी बाई यायची, बरोबर तिची मोठी गिऱ्हाइकं, हॉटेलवाले. सासऱ्यांनी ग्लास नाकाशी धरायचा, चार शब्द बोलायचे, आणि त्या चार शब्दांवर वर्षाचा माल जायचा. शिवाय त्यांचीच एक बढाई त्यांच्या गळ्यात होती. थोरल्याला वरच्या चार ओळी उपटून तिथे पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. एवढ्याशा मालासाठी एवढी मेहनत त्याला पटत नव्हती. त्यावर याच टेबलावर, याच बाईसमोर, सासरे म्हणाले होते, “ज्या दिवशी इथे बसून माझं नाक चुकेल त्या दिवशी मी ताटावरून उठेन, आणि तू त्या ओळी उपट. तोवर गप.”

धाकटीची त्या घरातली जागा त्या चार ओळींएवढीच होती. छाटणी तिची, निवडणी तिची, ताट तिचं. ओळी गेल्या तर पुढे काय, ते थोरलीने आधीच सांगून ठेवलं होतं, अगदी गोड आवाजात. “खोल्या झाल्या की चादरी नि न्हाणीघरं धाकटीकडे. तिचा हात स्वच्छ आहे.”

मग सासऱ्यांनीच तोड काढली.

“तुझा नेम तोंडाचा आहे ना?” त्यांनी विचारलं. “हाताचा नाही ना?”

धाकटी दोन दिवस विचार करत होती. तिसऱ्या दिवशी तिने ताट मांडलं.

गोल ताट, मधोमध मीठ लावून भाजलेले बदाम, कडेने सहा गोष्टी. वाळवलेला जर्दाळू. संत्र्याच्या सालीचा मुरंबा, साखर अगदी कमी. आल्याची पातळ बिस्किटं. निळ्या बुरशीचं खारट चीज. भाजलेला पेअर. अक्रोड. यातलं काहीही वाइनहून गोड नाही. चीजबद्दल सासूबाई म्हणायच्या, “हे आणि ही वाइन म्हणजे भांडकुदळ नवरा-बायको. वेगवेगळे भेटले तर दोघंही नकोसे होतात. एका ताटात बसवले की घर चालतं.”

पाहुण्यांना ते नुसतं ताट होतं. सासऱ्यांना ते नाक होतं. बाटली तासभर आधी स्वयंपाकघरात उघडायची, धाकटी हुंगायची, आणि ज्याचा वास सगळ्यात पुढे तो जिन्नस सासऱ्यांच्या बरोबर समोर येईल असं ताट लावायची. त्याच्या उजवीकडचा जिन्नस म्हणजे मागून येणारा वास. गोडी किती नि आंबटपणा किती ते त्यांच्या जिभेला अजून कळत होतं. बाकीचं त्यांनी ताटावरून वाचायचं. आणि अक्रोड समोर आला, तर बाटली बाद: एक शब्द न बोलता ग्लास खाली ठेवायचा आणि म्हणायचं, दुसरी आणा.

तीन वर्षं असं चाललं. पाहुणे म्हणायचे, वयाबरोबर नाक आणखी तयार झालंय. धाकटी संध्याकाळी देवापुढे बसली, की हात पदराखाली झाकून बसायची.

त्या वर्षीच्या दिवशी बाटली घेऊन थोरला स्वतः स्वयंपाकघरात आला. एरवी तो तिथे पाऊल टाकत नसे. त्याने बूच काढलं, धाकटीकडे बाटली दिली आणि दाराला टेकून उभा राहिला.

धाकटीने थोडी ग्लासात ओतली. रंग छान होता. नाकाशी नेली, आणि ग्लास लगेच लांब धरला. भिजलेला पुठ्ठा. बंद तळघरातली ओली पोती. बुचाला कीड लागावी तशी एक बुरशी धरते, आणि ती सगळा वास गिळून टाकते. गोडी तशीच राहते, आंबटपणा तसाच राहतो, वास मात्र मरतो. त्यांच्या घरात म्हणायचे, बुचाने बाटली खाल्ली.

“भावजी, ही बुचाने खाल्लीय. दुसरी आणा.”

“हीच.”

“अहो, वासच गेलाय.”

“हीच टेबलावर जाईल, धाकटे. तुला काय कळतंय त्यातलं?” आणि तो हसला. “का कळतंय?”

तिला वाटलं, नाक नसलेल्या माणसाचा हट्ट. तिने वाद घातला नाही. अक्रोड समोर येईल असं सासऱ्यांचं ताट लावलं, स्वतःच्या हाताने नेऊन ठेवलं, बोटाने जरासं सरळ केलं. मामंजी ग्लास ठेवतील, दुसरी मागवतील, झालं.

ती चीजची सुरी आणायला आत वळली, आणि दारातून तिला दिसलं. थोरली पाण्याचे पेले मांडत मांडत सासऱ्यांच्या खुर्चीपाशी आली. तिने ताटाच्या कडेला दोन बोटं लावली आणि ताट अर्धं फिरवलं. बस, तेवढंच. मग पुढच्या खुर्चीकडे गेली. जाता जाता तिने मान वर करून धाकटीकडे पाहिलं, आणि शेजारीण शेजारणीकडे पाहून हसते तशी हसली.

अक्रोड मागे गेला. जर्दाळू समोर आला. म्हणजे ताट वाचायला थोरलीही शिकली होती.

हाक मारावी तर काय म्हणून मारणार? ‘जाऊबाई, ताट फिरवू नका’ म्हटलं असतं तर ‘का’ आलं असतं, आणि ‘का’ला उत्तर द्यावं लागलं असतं. परत जाऊन ताट पुन्हा फिरवावं, तर मंडळी बसलीच होती: खरेदीदार बाई, तिचे चार हॉटेलवाले, थोरला. आणि सासरे येतच होते, स्वच्छ दाढी केलेले, कॉलर ताठ, नाकावर माशी बसू न देणारे.

ते बसले. ताटाकडे एक नजर टाकली. ग्लास उचलला, फिरवला, नाकाशी धरून डोळे मिटले. हे सगळं ते अजून इतकं सुंदर करत, की धाकटीला दर वर्षी क्षणभर वाटायचं, आज येईल वास.

“जर्दाळू,” सासरे म्हणाले. “उन्हात वाळवलेला, वरून तापलेला. त्यामागे संत्र्याची साल.” एक घोट घेतला, जिभेवर फिरवला. “आंबटपणा कणखर. गोडीला पाठीचा कणा आहे. या दहा वर्षांतली सगळ्यात स्वच्छ बाटली.”

एका जाड्या हॉटेलवाल्याने खिशातून रुमाल काढला, हुंगला आणि परत ठेवला.

“काय हो?” थोरला म्हणाला.

“नाही, मला वाटलं माझा रुमालच ओला आहे.”

खरेदीदार बाईने ग्लास पुन्हा नाकाशी नेला. “मला जरा...” ती हळूच म्हणाली. “मला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी येतंय.”

सासऱ्यांचा चेहरा हलला नाही. पण त्यांचे डोळे ताटावर गेले, जर्दाळूवर, मग पलीकडे अक्रोडावर, आणि मग दारात उभ्या असलेल्या धाकटीवर. तिथेच त्यांना सगळं कळलं. तरी माणूस नुसत्या नाकावर मोठा झालेला नव्हता. ते मोठ्याने हसले.

“बाई, तुम्ही सकाळपासून किती ठिकाणी चव घेत आलात? नाक दमतं. गार पाण्याने तोंड धुवा, आणि परत बघा.”

आणि काय सांगावं, बाईने परत पाहिलं. “हं,” ती म्हणाली, “मागे कुठेतरी जर्दाळू आहे खरा.”

“आहे, आहे,” रुमालवाला म्हणाला. “मी म्हणणारच होतो.”

दुसऱ्याला तर संत्र्याची सालही आली. तिसऱ्याने स्वच्छ या शब्दावर मान डोलावली. पाच माणसांची पाच धडधाकट नाकं एका मेलेल्या नाकापुढे वाकत होती, आणि सासऱ्यांच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. धाकटीने दाराची चौकट धरली होती. सुटलो, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याची लाज वाटली.

“मग एक करू या,” थोरली म्हणाली. बदामांची वाटी पुढे सरकवत, घरच्यासारखी. “आमच्या धाकटीला विचारू. बाटली आत तिच्याच हाताखाली उघडलीय. आणि ती खोटं बोलत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. नाही का गं?”

सगळी तोंडं दाराकडे वळली. सतरा वर्षांत पहिल्यांदा त्या टेबलाने धाकटीला काही विचारलं होतं.

ती गप्प राहिली. गप्प राहणं खोटं नव्हतं. पण सासऱ्यांनाच ती शांतता सहन झाली नाही. जिंकत आलेल्या माणसाची घाई होती ती. ते तिच्याकडे पाहून हसले, फार मायेने हसले. तसे ते कधी हसत नसत.

“सांग ना, धाकटे. घाबरतेस काय? मी कधी चुकलोय का?”

ते मागत होते. एकच शब्द मागत होते. चार ओळी, तिची सकाळ, तिची कात्री, तिचं ताट, सगळं त्या एका शब्दाच्या पलीकडे उभं होतं. तिने तोंड उघडलं, आणि तिला भिंतीकडे वळलेली एक पाठ दिसली.

“बाटली बुचाने खाल्लीय, मामंजी,” ती म्हणाली.

“बरं,” थोरली म्हणाली. “होतं असं एखादवेळी. वय झालं. पण मग मामंजींना वास येतो ना? येतो की नाही?”

“जाऊबाई...”

“येतो की नाही, एवढंच विचारतेय.”

“नाही.”

“कधीपासून?”

“तीन वर्षं.”

खरेदीदार बाईने ग्लास खाली ठेवला. इतका अलगद, जणू शेजारी कोणी झोपलंय. रुमालवाला म्हणाला, “मी आधीच म्हटलं होतं, पुठ्ठा.” ते त्याने म्हटलं नव्हतं.

थोरला पुढे वाकला. त्याचा आवाज शांत होता, जवळपास प्रेमळ.

“अकरा बाटल्या उघडल्या, बाबा. दहा चांगल्या निघाल्या, तळघरात पिंपात ओतून दिल्या. अकरावी ही. बूच परत लावलं नि जपून ठेवली.”

सासरे त्याच्याकडे वळले.

“तू ओळखलीस?” त्यांनी विचारलं. “तू? हुंगून?”

“बूच पुरतं निघायच्या आधी.”

“मग...” सासऱ्यांनी ग्लास बाजूला सरकवला. त्यांच्या तोंडावर एक विचित्र भाव आला. हरवलेली वस्तू आपल्याच खिशात सापडावी तसा. “मग नाक आहे तुला.”

तीस वर्षं थोरला हे वाक्य ऐकायला थांबला होता, हे तिथल्या कोणालाही दिसलं असतं.

“उठा,” तो म्हणाला.

सासऱ्यांनी रुमालाची घडी घातली. चार पदरी, कडा जुळवून. ताटातलं काहीही त्यांनी खाल्लं नव्हतं. उठताना त्यांनी टेबलाचा आधार घेतला, कोणी हात पुढे केला नाही. दारात धाकटीच्या अंगावरून जाताना ते थांबले. आवाज फक्त तिला ऐकू जाईल इतका हळू होता.

“माझ्या पोराशी आठ महिने खोटं बोलायला जमलं तुला. माझ्याशी एक शब्द नाही जमला.”

आणि ते मागच्या दाराने वरच्या ओळींकडे गेले. कोट न घेता.

थोरल्याने बारावी बाटली आणली. ती उत्तम होती. बूच निघालं तसा खोलीभर वास पसरला, आणि सगळे एकदम हलके झाले, मोठ्याने बोलायला लागले, अंत्यविधीहून परतलेली माणसं चहावर बोलतात तसे. थोरल्याने ग्लास हुंगला.

“जर्दाळू. संत्र्याची साल. आणि अगदी शेवटी केशर.”

“केशर!” बाई म्हणाली. “अगदी बरोबर! हे इथे कधी कोणी म्हटलं नव्हतं.”

म्हटलं नव्हतं, कारण ताटावर केशराला जागा नव्हती. धाकटीला ते दर वर्षी यायचं. मांडायचं कसं, ते सुचलं नव्हतं.

“आणि ताट काय जमलंय!” रुमालवाला तोंडात चीज धरून म्हणाला. “एवढं खारट नि एवढं गोड, वाटलं नव्हतं हो जमेल. कोणाची कल्पना?”

“धाकटीची,” थोरली म्हणाली. “ये ना गं, सांग त्यांना. खोल्या झाल्या की रोजच करायचंय तुला.”

धाकटीने सांगितलं. विचारलं तेवढं सांगितलं. बदामाला मीठ का, पेअर भाजायचा का, साखर कुठे थांबवायची. ताट वाइनपेक्षा गोड होऊ द्यायचं नाही, हेही सांगितलं. एकाने ते लिहून घेतलं. सासऱ्यांची खुर्ची रिकामी होती. थोड्या वेळाने एका हॉटेलवाल्याने तिच्यावर आपला कोट ठेवला.

पाहुणे गेले तेव्हा ऊन कललं होतं. खिडकीतून वरचा उतार दिसत होता. कालच आणून ठेवलेलं माती उकरायचं यंत्र पहिल्या ओळीच्या तोंडाशी उभं होतं. त्याच्या पलीकडे, वेलींमध्ये, एक पांढरा शर्ट. उभा नव्हता, बसलेला होता.

धाकटीने धुतलेल्या ताटांतलं एक पुसून घेतलं. मधोमध बदाम ठेवले. चीजचा उरलेला तुकडा, पेअरची फोड, दोन बिस्किटं, शेजारी पावाचा जाड काप. मग तिचा हात सवयीने ताट फिरवायला लागला, आणि थांबला. तिने स्वतःच्या हातांकडे जरा वेळ पाहिलं. मग अक्रोड उचलले आणि ताटाच्या पुढच्या बाजूला ठेवले. आज तेच खरं होतं.

“हे कोणाला?” थोरली भांडी पुसत होती. “उठलेल्याला त्या दिवशी जेवण नाही. कायदा त्यांचाच आहे बाई, माझा नाही.”

“मी सासूबाईंना शब्द दिलाय.”

“मेलेल्या माणसाला दिलेला शब्द कोण मागायला येतंय?”

“कोणी नाही,” धाकटी म्हणाली.

मागच्या दाराच्या पायरीवर थोरला बसला होता, गुडघ्यांवर कोपरं टेकून, हातात मोजपट्टी. लहानपणी उठला की तो इथेच येऊन बसत असे. त्याने वर पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं.

“बाबांना?”

“हो.”

“मला नव्हतं कधी आलं ताट.”

“माहीत आहे. सासूबाई सांगून गेल्या.”

“आई?” तो म्हणाला. “काय सांगून गेली?”

त्याने विचारलं होतं. विचारलं की सांगावं लागत होतं.

“की तुम्ही इथे बसायचात तेव्हा त्या या दाराआड उभ्या असायच्या. ताट हातात असायचं. पुढे यायचा धीर झाला नाही त्यांना.”

थोरल्याने मान वळवून दाराकडे पाहिलं. पायरीपासून दार दोन पावलांवर होतं.

“म्हणजे वाढलेलं असायचं,” तो म्हणाला.

“हो.”

“गार होईपर्यंत?”

“बहुतेक.”

तो हसला. तो आवाज हसण्याचा नव्हता, पण दुसरं काय म्हणावं ते धाकटीला कळलं नाही. मोजपट्टी त्याच्या बोटांतून सुटून पायरीवरून खाली घरंगळली. त्याने ती उचलली नाही, आणि बाजूलाही सरला नाही.

“यंत्र सकाळी चालू होणार,” तो म्हणाला. “त्यात बदल नाही. त्यांना सांग.”

“विचारलं तर सांगेन.”

धाकटीने पदर खोचला, त्याच्या खांद्याच्या कडेने एक पाय काढून पायरी उतरली, आणि ताट दोन्ही हातांत सपाट धरून, काही हलू न देता, वरच्या ओळींकडे चालू लागली.